दर शनिवारी येणारे ‘गुडघे तज्ज्ञ’: नोंदणी कुठे आणि कशी बघायची?

कुळागरवाला (डिचोली), रविवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. विचारायला जरा लाजच वाटते, कारण डिचोली बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, ट्रक मिळेल त्या भावाला विकला आणि मशीन घेतली. तेव्हापासून दिवसभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरतो. गृह आधार, लाडली लक्ष्मी, रहिवासी दाखला, म्हणाल ते. आणि काल रात्री दीडपर्यंत बसूनही एका डॉक्टरचं नाव मला धड शोधता आलं नाही.

झालंय असं. आई ७३ वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेत. पोफळींना पाणी लावायला रोज कुळागरात उतरायची, ती आता सोप्यावरून उठताना खांब धरते. मार्चमध्ये बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात नेलं होतं. सकाळची पहिली बस, केस पेपरची रांग, ओपीडीची रांग, एक्स-रेची रांग, आणि हातात पुढची तारीख. तिथल्या डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांच्यासमोर किती माणसं उभी असतात ते डोळ्यांनी पाहिलंय. पण आईने परतीच्या बसमध्येच सांगितलं, मला इथे पुन्हा आणू नकोस.

मग वाड्यावरच्या एकाने ह्या डॉक्टरांचं नाव दिलं. दर शनिवारी येतात. एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर खोली भाड्याने घेतलीय. पाटीवर ‘गुडघा, कंबर व मणका तज्ज्ञ’. फी ६००. एक्स-रे खिडकीच्या उजेडाला धरून पाहिला आणि म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, दोन्ही गुडघ्यांत तीन-तीन इंजेक्शनं, एकूण ४८,००० रुपये. २,००० बुकिंगचे म्हणून तिथेच भरले. आणखी १०,००० येत्या शनिवारी, मग ते औषध मागवणार.

घरी येऊन चिठ्ठी बघत बसलो. आमच्या धंद्यात कागद न्याहाळायची खोड लागते. लेटरहेड चकचकीत. नावापुढे एमबीबीएस, मग पाच इंग्रजी अक्षरं, कंसात ‘जर्मनी’, मग आणखी चार अक्षरं. फोन आहे, वेळ आहे, वर कोपऱ्यात गणपती आहे. नोंदणी क्रमांक तेवढा कुठेच नाही.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या साइटवर नाव टाकलं, तर त्याच नावाचे तिघे निघाले. दोन महाराष्ट्राचे, एक कर्नाटकचा. गोव्यात एकही नाही. ह्यातले आमचे कोण? आणि गोव्यात नाव नसलं तर माणूस बोगस समजायचा का?

आईला म्हटलं, शनिवारी नंबर विचारून घेतो. ती माझ्यावरच चिडली. “दोतोराक अशें कोण विचारता रे?” तिच्या मते तो देवमाणूस आहे, कारण त्याने तिचा गुडघा दोन्ही हातांत धरून पाहिला. बांबोळीला कोणी हात लावला नव्हता, हे तिने मला आतापर्यंत चार वेळा ऐकवलंय.


पेडणेचो_पाव्हणो, रविवार, रात्री १०.१५

एवढं कशाला डोकं खपवताय? गुगलवर स्टार बघा. साडेचारच्या वर असतील तर डोळे मिटून जा.


कुळागरवाला, रविवार, रात्री १०.२२

बाब, पाहिलेत. ४.९ आहेत. पण माझ्याच दुकानाला ४.७ आहेत आणि त्यातले सहा माझ्या भाच्याने दिलेत.


औषधवाली_फोंडा, सोमवार, दुपारी २.०५

कुळागरवाला भाऊ, दुपारचं गिऱ्हाईक ओसरलंय म्हणून सविस्तर लिहिते. मी फार्मासिस्ट, फोंड्यात काउंटरला उभी राहून १९ वर्षं झाली. चिठ्ठीवर नंबर नाही हे तुमच्या नजरेला आलं, अर्धं काम तिथेच झालं. बहुतेक लोक फक्त औषधाची ओळ वाचतात. ती पण आम्हीच वाचून दाखवतो.

नियम आधी सांगते. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत. त्यात स्पष्ट आहे की नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा, आणि प्रत्येक चिठ्ठीवर, दाखल्यावर, पैशांच्या पावतीवर छापायचा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, पण तीन आठवड्यांत त्यांना स्थगिती मिळाली, म्हणून आज २००२ चेच चालू आहेत. तेव्हा नंबर मागणं हा उद्धटपणा नाही. जो कागदावर असायलाच हवा होता तो तुम्ही मागताय. आईला असंच सांगा. नाहीतर सांगू नका, सरळ पावती मागा. पावती मागितली म्हणून कोणी रागावत नाही, आणि तिच्यावर नंबर नसेल तर “ह्याच्यावर नंबर घालून द्या, बिल लावायचंय” एवढं म्हटलं की पुरे. माझ्याकडे कितीतरी लोक ह्याच युक्तीने नंबर घेऊन आलेत.

आता शोधायचं कसं. नावाने शोधू नका, नंबराने शोधा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या साइटवर ‘इंडियन मेडिकल रजिस्टर’ आहे. तिथे नाव, नोंदणी क्रमांक, राज्याची परिषद (मेडिकल कौन्सिल), वर्ष असे वेगवेगळे रकाने आहेत. नंबर आणि परिषद अशी जोडी घातलीत की नेमका माणूस निघतो. नुसता नंबर घातलात तर तोच नंबर दुसऱ्या राज्यातल्या भलत्याच डॉक्टरचाही असू शकतो, कारण प्रत्येक परिषदेची आपली मालिका असते. नाव सापडलं की तिथे थांबू नका, पुढचं पान उघडा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, पदवी, पदवीचं वर्ष, विद्यापीठ हे सगळं आत असतं. तीन सारख्या नावांतून आपला माणूस वेगळा काढायला तेच उपयोगी. तिथेच काळ्या यादीचाही एक रकाना आहे, तोही जाता जाता बघा.

नावाने शोधण्यात आपल्या गोव्याची एक खास गंमत आहे. पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं! प्रभूचं कागदावर पोरोब असतं, कामतांचं कामोतिम, आणि ‘श’ म्हटलं की इंग्रजी एक्स. देसायांत एक एस की दोन, हा तर घराघरांतला वाद. माझ्या ओळखीच्या एक बालरोगतज्ज्ञ बाई आहेत, इतक्या नावाजलेल्या, आणि रजिस्टरात त्या सापडेचनात. मग कळलं, नोंदणी माहेरच्या नावाने, तीही जुन्या स्पेलिंगने. म्हणून नाव दिसलं नाही म्हणजे लगेच बोगस, असं म्हणायची घाई नको.

‘गोव्यात एकही नाही’ ह्यावरूनही नको. गोवा मेडिकल कौन्सिलचा कायदा १९९१ चा. त्याआधी शिकून बाहेर पडलेल्यांची पहिली नोंद दुसरीकडे सापडू शकते. आपलं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजसुद्धा १९८५ ला गोवा विद्यापीठ सुरू होईपर्यंत मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं, त्यामुळे जुन्या डॉक्टरांच्या पदवीपुढे मुंबई दिसली तर दचकू नका. केंद्राच्या नोंदवहीत नाव असलं की देशात कुठेही व्यवसाय करता येतो. राज्यांच्या परिषदा मात्र, इथे प्रॅक्टिस करायची तर आमच्याकडेही नोंदवा, असं सांगतात. तुमचे डॉक्टर दर शनिवारी येतात, म्हणजे हा प्रश्न कौन्सिललाच विचारण्यासारखा आहे. ऑफिस बांबोळीला गोमेकॉच्या आवारात.

आणखी एक. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ‘नॅशनल मेडिकल रजिस्टर’ म्हणून आधारला जोडलेलं नवं पोर्टल सुरू झालं. त्यात डॉक्टरांनी स्वतः अर्ज करून नाव चढवायचं असतं. तिथे नाव नाही ह्याचा काहीच अर्थ निघत नाही. हे मुद्दाम सांगते कारण आमच्या इथे एकाने तेवढ्यावरून एका चांगल्या सर्जनची व्हॉट्सअ‍ॅपवर बदनामी केली होती.

आता त्या अक्षरांकडे या. मला नंबरापेक्षा तीच जास्त खटकतात. एमबीबीएस ही पदवी. हाडांसाठी एमएस, डीएनबी किंवा डी. ऑर्थो असं काहीतरी त्यापुढे हवं. ‘फेलोशिप’, ‘मेंबर’, कंसात देशाचं नाव, ह्यातलं काही खरंच मोठं असतं आणि काही शनिवार-रविवारच्या वर्गाचं सर्टिफिकेट असतं. मेंबर म्हणजे तर कित्येकदा फक्त वर्गणी भरलेली. त्याच २००२ च्या नियमांत असंही आहे की त्या शाखेची खास पात्रता नसेल तर डॉक्टरने स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घ्यायचं नाही. पाटीवर ‘तज्ज्ञ’ लिहिलंय ना? मग रजिस्टरात एमबीबीएसच्या पुढे काय आहे तेवढं बघा.

इंजेक्शनं चांगली की वाईट हे सांगायचा मला अधिकार नाही, सांगणारही नाही. पण १०,००० आधी देऊ नका.


वैद्य_शिरोडा, सोमवार, सायंकाळी ६.४०

फोंड्याच्या ताईंनी छान लिहिलंय. फक्त ‘बोगस’ हा शब्द निघाला की पहिली नजर आमच्याकडे वळते, म्हणून दोन शब्द आमच्या बाजूने.

मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाचा पदवीधर, शिरोड्यालाच शिकलो. आमची नावं त्या इंडियन मेडिकल रजिस्टरात कधीच सापडणार नाहीत, कारण ते फक्त आधुनिक वैद्यकाचं. २०२० च्या दोन कायद्यांनी आयुर्वेदासह भारतीय पद्धतींचा राष्ट्रीय आयोग वेगळा झाला आणि होमिओपॅथीचा वेगळा. नोंदवह्याही वेगळ्या. दातांच्या डॉक्टरांची डेंटल कौन्सिल, नर्सेसची नर्सिंग कौन्सिल. मुलांना स्पीच थेरपीला नेता किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाता, ते दिल्लीच्या पुनर्वास परिषदेच्या रजिस्टरात असतात, तो कायदा १९९२ चा. गेल्या वर्षी एक गृहस्थ माझं नाव चुकीच्या रजिस्टरात शोधून, सापडत नाही म्हणून दारात भांडायला आले होते. चहा पाजला आणि बरोबर जागा दाखवली.

एमडी बघून पण फसू नका, दोन्ही बाजूंनी. आयुर्वेदात एमडी ही खरी, तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी आहे. पण ती आयुर्वेदातली आहे आणि पाटीवर तसं लिहायला लाज कसली? मी लिहितो. दुसरीकडे ‘एमडी’ आणि कंसात ‘ए.एम.’ असं दिसलं, म्हणजे ‘अल्टरनेटिव्ह मेडिसिन’, तर ती मान्यताप्राप्त वैद्यकीय पदवी नव्हे. इलेक्ट्रोपॅथीचंही तेच. धारगळला आयुर्वेदाची एवढी मोठी संस्था २०२२ मध्ये उभी राहिली, पण पाटीवर पद्धत न लिहिता नुसतं ‘डॉ.’ लिहिणारे अजून आहेतच. त्यांच्यामुळे आम्हाला ऐकून घ्यावं लागतं.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पूनम वर्मा खटल्यात निकाल दिला. होमिओपॅथीच्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीची औषधं दिली होती आणि रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचं ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणारा तो भोंदूच, असं न्यायालय म्हणालं. आमच्यातल्या काहींना हे झोंबतं. मला नाही झोंबत.


औषधवाली_फोंडा, सोमवार, सायंकाळी ७.१०

वैद्यबुवा, तुमच्यावर रोख नव्हता हो. तुमच्या चिठ्ठ्या येतात माझ्याकडे. अक्षर वाचता येतं अशी तालुक्यात दोनच माणसं, त्यातले एक तुम्ही.


म्हापसेकर_अनिकेत, सोमवार, रात्री ११.३०

थोडं विषयांतर. माझी बहीण इंग्लंडात स्विंडनला नर्स आहे (अर्धा गोवा तिथेच आहे म्हणा). तिला हा धागा वाचून दाखवला तर ती आधी गोंधळलीच. आपल्याकडे जीएमसी म्हणजे बांबोळी, तिच्याकडे जीएमसी म्हणजे डॉक्टरांची नोंदवही. आपल्याकडे एनएमसी, म्हणजे राष्ट्रीय वैद्यक आयोग, डॉक्टरांची, तिच्याकडे एनएमसी नर्सांची! फोनवर दहा मिनिटं आम्ही दोघं वेगवेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत होतो.

तिकडे डॉक्टरचं नाव टाकलं की नोंदणी आहे का आणि प्रॅक्टिसचं लायसन्स आहे का, हे दोन वेगळे दिसतात. नाव नोंदवहीत असूनही लायसन्स नाही असं होऊ शकतं. तज्ज्ञांची यादी वेगळी, जीपींची (फॅमिली डॉक्टरांची) वेगळी. आणि डॉक्टरवर काही अटी घातल्या असतील तर त्याही तिथेच लिहिलेल्या. बहीण म्हणते, तिथले पेशंट अपॉइंटमेंटच्या आधी हे बघतात आणि डॉक्टरांना त्यात काही वाटत नाही.

अमेरिकेतल्या मावसभावाला विचारलं तर तिथे प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं, बोर्डाच्या साइटवर लायसन्स आणि कारवाई दिसते. सगळ्या देशाची एकत्र माहिती ठेवणारी एक बँक १९९० पासून आहे, पण ती हॉस्पिटलांना आणि बोर्डांना उघडी, सामान्य माणसाला बंद. म्हणजे तिकडेही सगळं आलबेल नाही.


पेडणेचो_पाव्हणो, मंगळवार, सकाळी ८.०५

आमच्या लहानपणी गावात एकच दोतोर. सायकलवरून यायचा. त्याचा नंबर कोणी विचारला नाही आणि कोणी मेलं पण नाही.


औषधवाली_फोंडा, मंगळवार, सकाळी ९.३०

मेले ते सांगायला येत नाहीत ना, बाब.


कुळागरवाला, रविवार, सकाळी ११.१५

सर्वांचे आभार. आठवडाभर लिहिलं नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

काल गेलो. आईला बरोबर नेलंच नाही. १०,००० पण नेले नाहीत, खिशात असते तर मीच दिले असते, माझा स्वभाव मला माहीत आहे. खाली वीसेक माणसं जिन्यावर. कोणी साखळीहून, कोणी थेट वाळपईहून आलेलं. मदतनीस पोरगा नावं घेत होता. त्याला ताईंनी सांगितलं तसंच म्हटलं, मागच्या वेळच्या २,००० ची पावती हवी, नंबर घालून. तो म्हणाला कसला नंबर. मी म्हटलं डॉक्टरांचा नोंदणी नंबर, बिल लावायचंय. तो आत गेला, बाहेर आला, म्हणाला थांबा. पाऊण तास थांबलो. तेवढ्यात शेजारच्या आजींनी मला त्यांच्या तिसऱ्या इंजेक्शनची हकीकत सांगितली. त्यांना बरं वाटतंय म्हणाल्या. उतरताना मात्र कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या.

शेवटी डॉक्टरांनीच आत बोलावलं. खरं सांगतो, मला वाटलं होतं ओरडतील. नाही ओरडले. “कर्नाटकचा आहे,” म्हणाले आणि चिठ्ठीच्या मागे नंबर लिहून दिला. लेटरहेडवर का नाही विचारलं तर म्हणाले, प्रिंटरने सोडला. प्रिंटिंगच्या धंद्यातल्या माणसाला हे उत्तर! माझ्याकडे प्रूफ सहीशिवाय छापत नाहीत. बोललो नाही काही.

जिना उतरून दुकानात आलो, शटर अर्धं खाली ओढलं आणि परिषद कर्नाटक, नंबर अमुक असं टाकलं. पहिल्या फटक्यात निघाले. तिघांतले कर्नाटकवालेच. वडिलांचं नाव त्यांच्या नावातल्या मधल्या अक्षराशी जुळतं. एमबीबीएस, २००९. विद्यापीठ खरं. काळ्या यादीत नाव नाही. इथवर बघून मला इतकं बरं वाटलं की आईला फोनच करणार होतो.

मग ताईंचं वाक्य आठवलं, एमबीबीएसच्या पुढे काय आहे. काही नाही. रकाना रिकामा.

सोमवारपर्यंत थांबायला धीर नव्हता, म्हणून त्यांनाच पुन्हा फोन लावला. विचारलं, सर, हाडांची पदवी कुठली, रजिस्टरात दिसत नाही. ते म्हणाले, “माझी फेलोशिप आहे, ती तिथे येत नाही.” किती वर्षांची? थोडं थांबून म्हणाले, मॉड्यूल होते. किती दिवसांचे? तेव्हा मात्र त्यांना दुसरा पेशंट होता.

आता मला सांगा, ह्याला काय म्हणायचं? माणूस डॉक्टर आहे. शिकलेला आहे, परीक्षा पास झालेला आहे. इंजेक्शन टोचता येतं त्याला. गुडघा हातात घेऊन बघतो. पण पाटीवर ‘तज्ज्ञ’ लिहिलंय आणि त्या शब्दाचेच ४८,००० आहेत. माणूस खोटा नाही, पाटी खोटी आहे. मी गेले सहा दिवस ‘बोगस डॉक्टर’ शोधत होतो, आणि निघालं ते हे असं, मधलंच काहीतरी. पूर्ण बोगस निघाला असता तर मला सोपं गेलं असतं.


वैद्य_शिरोडा, रविवार, दुपारी १२.४०

एक शक्यता तपासा, अन्याय नको. पुढची पदवी असून ती नोंदवलेली नाही असंही घडतं. एमएस झालेल्याने ती अतिरिक्त पात्रता म्हणून परिषदेत वेगळी नोंदवावी लागते आणि कंटाळा करणारे असतात. पण ते स्वतःच फेलोशिप आणि मॉड्यूल म्हणत असतील तर मग प्रश्न उरत नाही. एमएस असता तर त्यांनी फोनवर पहिला तोच शब्द उच्चारला असता.


औषधवाली_फोंडा, रविवार, दुपारी १.२०

बिननोंदणीच्या माणसाने प्रॅक्टिस केली तर २०१९ च्या आयोगाच्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते ह्यांना लागू नाही, हे नोंदलेले आहेत. ह्यांचं प्रकरण आचारसंहितेचं. तक्रार राज्याच्या परिषदेकडे लेखी करायची, चिठ्ठीची प्रत, पाटीचा फोटो जोडून. परिषदेने सहा महिन्यांत निकाल द्यावा असं नियमांत आहे. त्याच्या वर राष्ट्रीय आयोगाचं आचार आणि नोंदणीचं मंडळ आहे. आणि आईचे जे काही कागद त्यांच्याकडे असतील ते मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत द्यायला हवेत, हे पण त्याच नियमांत.

तक्रार करायची की नाही हे तुम्ही ठरवा. मी असते तर केली असती. पण मी चिठ्ठ्या बघून बघून कडू झालेय, हेही खरं.


कुळागरवाला, शुक्रवार, रात्री ९.१०

शेवटचं लिहितो, कारण दोघा-तिघांनी निरोप पाठवून विचारलं.

बुधवारी आईला बांबोळीला नेलं. कसं नेलं ते विचारू नका. अर्धा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ह्या वेळी ऑर्थोच्या ओपीडीत एक तरुण निवासी डॉक्टर होती, तिने टेबलावर झोपवून दोन्ही गुडघे वाकवून बघितले, पाय उचलायला लावले, चालायला लावलं. मग फिजिओथेरपीला पाठवलं. तिथल्या मुलीने टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबायला शिकवलं, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. वजन चार-पाच किलो उतरवा म्हणाली. इंजेक्शनांचं मी विचारलं, तर निवासी डॉक्टर म्हणाली की आधी तीन महिने व्यायाम करा, गोळी दुखेल तेव्हाच, मग वरिष्ठ ठरवतील. एकंदर खर्च, बसचं भाडं आणि कॅन्टीनची मिरची भजी.

तिच्या कोटावरच्या पट्टीवर नाव होतं. मी बसमध्येच मोबाइलवर शोधलं. सापडली. आईने विचारलं काय बघतोस, तर म्हटलं क्रिकेट.

आई संध्याकाळी सोप्यावर बसून टॉवेल दाबते. दहापर्यंत मोजताना मध्येच शेजारणीशी बोलते आणि पुन्हा तीनपासून सुरू करते. गुडघ्यांना फरक आहे असं अजून म्हणवत नाही. त्या शनिवारच्या डॉक्टरबद्दल ती अजून चांगलंच बोलते. “हातांत घेवन पळयलें ताणें,” म्हणते. मी रजिस्टरचं पान छापून तिच्यासमोर ठेवलं होतं. तिने त्याची घडी करून त्यात विड्याची पानं बांधली.

तक्रारीचा मसुदा लिहिलाय. संगणकात पडून आहे. वाळपईहून आलेली ती माणसं डोळ्यांसमोर येतात तेव्हा पाठवावासा वाटतो. मग त्याने शांतपणे नंबर लिहून दिला ते आठवतं आणि हात थांबतो. आधी कौन्सिलच्या ऑफिसात जाऊन नुसतं विचारून येणार आहे, की गोव्यात नोंदणी न करता दर आठवड्याला बसणं चालतं का.

२,००० मात्र परत आलेले नाहीत. मदतनीस म्हणतो, बुकिंग परत होत नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर लावून देतो. उद्या शनिवार आहे. जातोय.


औषधवाली_फोंडा, शुक्रवार, रात्री ९.२५

पावती आहे ना हातात?


कुळागरवाला, शुक्रवार, रात्री ९.२७

आहे. बिननंबराची.